शनिवारची आमंत्रणं आधी रद्द करा

अभिनंदन तर आहेच, पण आधी ती आमंत्रणं रद्द करा. आठ वर्षं गॅरेजमध्ये खपून तुम्ही आरव्ही-7ए हे घरी बांधायचं छोटं विमान उभं केलंत, एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचं, प्रमाणपत्र हातात पडलं, आणि आता तीस-पस्तीस लोकांसमोर पहिलं उड्डाण करायचा बेत आहे. त्याआधी जोरात टॅक्सी चाचण्या, म्हणजे विमान न उडवता जमिनीवरच पळवून बघणं, किती कराव्यात, असं विचारलंय. पाहुणे जमले की वारा आडवा असला तरी माणूस उडतो. तेलाचं तापमान चढलेलं दिसलं तरी 'बघू वर जाऊन' म्हणतो. माझ्या पहिल्या उड्डाणाला शेजारच्या हँगरमधले दोघं आणि एक आग विझवायचं नळकांडं, एवढीच मंडळी होती. बायकोला उतरल्यावर फोन केला. त्यावरून बोलणी खाल्ली, तो भाग वेगळा.

हळू टॅक्सी हवी तेवढी करा, ब्रेक बसतात, रेडिओची खरखर कळते. जोरात मात्र एखाददुसरी पुरे. ब्रेक तापतात, मनात नसताना चाकं उचलली जातात, आणि नव्या इंजिनाला जमिनीवर रेंगाळणं मानवत नाही. त्याला हवेत 75 टक्के ताकदीवर पळवायचं असतं, तेही साध्या मिनरल तेलावर, नाहीतर पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि पुढे जन्मभर तेल पीत राहतं.

मला खरी काळजी पेट्रोलची वाटते. एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने, 2012 मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं हीच दोन कारणं वर होती. तुम्ही बाकी सगळं लिहिलंय, पण पेट्रोल किती वेगाने येतं ते मोजल्याचा उल्लेख नाही. मोजलं नसेल तर उडू नका. 180 अश्वशक्तीच्या लायकमिंग इंजिनाला टेकऑफला तासाला साधारण साडेसोळा गॅलन लागतं. पंपाच्या यंत्रणेत त्याच्या सव्वापट यायला हवं, म्हणजे एक गॅलन तीन मिनिटांच्या आत. नाकाचं चाक उंच ठेवून विमान चढाईच्या कोनात आणा, कार्बोरेटरला जाणारी नळी सोडा, पत्र्याची बादली लावा आणि घड्याळ धरा. हे सगळं हँगरबाहेर, बादली आणि विमान तारेने जोडून. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजा, आणि टाकीत थोडंसंच पेट्रोल ठेवून मोजा.

माझ्या विमानाची, आरव्ही-9ए ची, डावी टाकी झकास निघाली. उजवीला गॅलनभर यायला चार मिनिटं लागली. गाळणी उघडली तर तळाशी ड्रिलचा केसासारखा बारीक कुरळा कीस आणि सीलंटचे राखाडी कण, चिमूटभर. टाकी मीच दोनदा धुतली होती, त्यामुळे ओरडायला समोर कोणी नव्हतं. पहिल्या दहा तासांत ती गाळणी मी चार वेळा उघडली, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत काही ना काही निघत होतं.

पहिलं उड्डाण धावपट्टीच्या डोक्यावरच, इंजिन बंद पडलं तरी घसरत येऊन उतरता येईल अशा उंचीवर. कसरती नकोत. सिलिंडरचं तापमान बघत राहा. लायकमिंगची मर्यादा 500 फॅरनहाइट असली तरी मी 430 च्या वर गेलो की नाक खाली करतो.

उतरलात की फोटो नंतर, आधी काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढा. माझ्या दुसऱ्या उड्डाणानंतर इग्निशनची एक तार एक्झॉस्टच्या नळीकडे झुकलेली सापडली. वरचं आवरण ज्वारीच्या दाण्याएवढं वितळलं होतं. आणखी दोन तासांत ते आतपर्यंत गेलं असतं. नटांवर रंगाची रेघ ओढली असेल तर टॉर्च घेऊन प्रत्येक रेघ बघा, तुटलेली रेघ म्हणजे फिरलेला नट. पहिलं तेल बदलताना फिल्टर कापून कागद उलगडा आणि लोहचुंबक फिरवा.

चाचणी उड्डाणांच्या तासांचं म्हणाल तर इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर 25, नाहीतर 40. प्रवासी कोणी नाही. हे तास नुसते गोल फिरून जाळू नका. दर उड्डाणाला एकच प्रश्न कागदावर लिहून घ्या: आज वेगमापक जीपीएसशी ताडून बघायचा, उद्या पाच हजार फुटांवर स्टॉल, म्हणजे वेग इतका कमी करायचा की पंख विमान पेलेनासे होतात, मग मागे वाळूच्या पिशव्या बांधून पुन्हा स्टॉल. रिपेअरमन प्रमाणपत्रासाठी अर्ज आत्ताच टाका. विमान तुम्ही बांधलंय, तेव्हा दर 12 महिन्यांची तपासणी स्वतः करून सही करता येईल.

आणि एक खडूस प्रश्न. या आठ वर्षांत तुम्ही स्वतः किती उडलात? रिव्हेट मारता मारता उडण्याचा हात जातो. आधी कोणाच्या तरी आरव्हीत प्रशिक्षकाबरोबर पाच-सात तास काढा. लाज वाटत असेल तर अतिरिक्त पायलटची सोय नियमात आहे. तुमच्या जातीच्या विमानावर हात बसलेला माणूस बरोबर घेता येतो.

नारळ वाढवायचा असेल तर हँगरच्या मागच्या बाजूला वाढवा आणि झाडून घ्या. करवंटीचा तुकडा प्रोपेलरने उचलला तर पात्याला पडलेली खाच घासत बसावी लागते.