देव सोडलास, आता पुढचं

प्रिय बेटा,

तू यंदा आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला आला नाहीस, आणि का आला नाहीस ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक लिहिलंस. तुझ्या वडिलांनी ते मला वाचायला दिलं, 'तुमचाच चेला' म्हणत. अमळनेरात सारा जन्म देव न मानता काढला, नोकरीही मास्तरकीची केली, तेव्हा हा आरोप मला कबूल आहे. शाबासकी मात्र मिळणार नाही. देव नाही यावर तुझं-माझं एकमत आहे. पण तू तिथेच थांबलास, आणि खरं काम त्याच्या पुढे आहे.

आपल्याकडे देव सोडणं फारसं महाग पडत नाही. आई चार दिवस रुसते, आत्या म्हणते शिकून वाया गेला, संपलं. त्यातून तू मुलगा. महाग पडते ती जात. सत्यनारायणाला हात न जोडणारे पण मुलाच्या बायोडाटात पोटजात ठळक अक्षरात छापणारे लोक मी खूप पाहिले आहेत. हुंडा ते घेत नाहीत, 'मुलाच्या शिक्षणाला लागलेलं' तेवढं घेतात. त्यांनी फक्त पूजेचा वेळ वाचवला, बाकी काही नाही.

आता साने गुरुजी बघ. 1924 ते 1930 या काळात ते आपल्या गावच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. पक्के आस्तिक. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना जाता येत नाही, म्हणून मे 1947 मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि ते दार उघडलं. त्या दाराच्या आत मला काही मागायचं नाही, पण दारासमोर कोण उपाशी बसलं आणि कोण घरी जेवत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. फुल्यांनीही 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला, मधला दलाल काढला. आपले पुष्कळ नास्तिक निर्मिक काढतात आणि जातीची उतरंड ठेवतात.

कानबाईचंही तेच. नारळाला दागिने घालून देवी केली यात तुला हसण्यासारखं दिसलं. रोट, म्हणजे त्या सणाचा प्रसाद, कुळाबाहेर जात नाही, भाऊबंदांपुरताच असतो, हे तुझ्या नजरेत आलं नाही. प्रश्न विचारायचा तर तो होता. आणि सुरतेला यंत्रमागावर राबणारा तुझा काका त्या निमित्तानं दोन दिवस भावांच्या पंगतीला बसतो, हेही त्याच सणात आहे. तुझी आई मला म्हणाली, "देव मानस नही ते नको मानू, पन रोटले ये." तुझ्या सगळ्या मजकुरापेक्षा मला त्यात जास्त समजूतदारपणा दिसला. तिच्या उपासाशी भांडू नकोस. तो तिचा आहे, आणि राज्यघटनेचं 25वं कलम तिला जे स्वातंत्र्य देतं तेच तुला देतं.

भांडायचं कुठे, ते सांगतो. कपाशीत निंदायला गेलेल्या बाईला साप चावला आणि तिला आधी मंतरायला नेलं, तिथे भांड. घोणस असो की मण्यार, उपाय एकच, सर्पदंशावरचं इंजेक्शन, आणि ते मिळतं सरकारी दवाखान्यात. उशीर झाला की हात-पाय जातो नाहीतर जीव. दाभोलकरांचा खून झाला 20 ऑगस्ट 2013 ला, त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यात साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. वर सातपुड्यात एखाद्या विधवेला डाकीण ठरवून गावाबाहेर काढतात, तोही गुन्हा आहे. (तिच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे हे आधी विचारत जा. बऱ्याचदा भूत सातबाऱ्यात असतं.) असल्या ठिकाणी गप्प बसलास तर तुझी नास्तिकता घरातल्यांना चिडवण्यापुरतीच.

शाळेनं हे शिकवायला हवं होतं. 1976 पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे घटनेत नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आम्ही ते पोरांकडून पाठ करून घेतलं. 'साप दूध पीत नाही' याला एक गुण, आणि नागपंचमीला शाळा सुटली की वाटीभर दूध वारुळाला. हॉलतिकीट देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या पोराची मला काळजी नाही, ती भीती परीक्षेनं घातलेली आहे. वर्गात 'कशावरून?' विचारणाऱ्याला खाली बसवतात, काळजी त्याची.

'धर्म म्हणजे थोतांड' असं तू एका ओळीत उरकलंस. वाचलंस काय? धुळ्याचे शरद पाटील मार्क्सवादी, पण जातीचं मूळ शोधायचं म्हणून संस्कृत शिकले आणि पाणिनीपर्यंत गेले. वेद प्रमाण मानणारे मीमांसकसुद्धा जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, हे तुला ठाऊक आहे? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं आहेत. सुट्टीत ये, दोन्हीकडे जाऊ. शत्रूचं म्हणून वाचलंस तरी चालेल, पण वाच.

एक गोष्ट जड जाईल. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन शेतमाल घेताना, काटा मारणारा व्यापारी चैत्रात सप्तशृंग गडावर अनवाणी जाऊन येतो आणि त्याला हलकं वाटतं. तुला ती सोय उरली नाही. तू कुणाला फसवलंस तर माफी त्याच माणसाकडे मागावी लागेल, पैसे त्यालाच परत द्यावे लागतील, आणि त्यानं माफ केलं नाही तर ते घेऊन जगावं लागेल. वर हिशेब ठेवणारा कुणी नाही म्हणून मोकळीक मिळाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापेक्षा मला तुझी आई बरी.

तुझ्या बहिणीला एमएस्सी करायचं आहे आणि घरात स्थळं बघणं सुरू आहे, असं कानावर आलं. वडिलांशी यावर बोललास का? अजून बोलला नसशील तर दिवाळीची वाट बघू नकोस, प्रवेशाची मुदत त्याआधी संपते. फीचं अडत असेल तर मला फोन कर.

तुझा
नाना