प्रार्थना करूनही मन शांत होत नाही, झोप लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपासून नोकरीचा ताण आहे, रोज रात्री बायबल वाचता, प्रार्थना करता, तरी पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. आणि चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी सांगितलं की तुमचा विश्वासच कमी आहे. ते शेवटचं आधी डोक्यातून काढून टाका. मलाही एकाने हेच ऐकवलं होतं आणि त्याने होती तीही झोप गेली. आधी फक्त फ्लॅटच्या हप्त्याची काळजी होती, नंतर देव नाराज असल्याची काळजीही तिच्या शेजारी येऊन बसली.

माझं सांगतो. आम्ही मूळचे नगरकडचे, तिसऱ्या पिढीतले ख्रिस्ती. २०१९ मध्ये मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात प्लॅनिंग बघायचो. त्या वर्षी गाड्यांचा खप पडला, ऑर्डरी आटल्या, दोन शिफ्टची एक झाली. कुणाला घरी बसवायचं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. यादीत माझंही नाव कधीतरी येणार हे दिसत होतं आणि फ्लॅटचा हप्ता तर दर महिन्याच्या ५ तारखेला जाणारच. दिवसाला आठ-नऊ कप चहा व्हायचा, शेवटचा रात्री साडेनऊला. डबा उघडायचा, दोन घास खायचे आणि झाकण लावायचं. रात्री मात्र तासभर प्रार्थना. तिला प्रार्थना म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे, कारण तेच ते आकडे मी देवाला पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होतो.

एका रात्री छाती आवळून आली. हार्ट अटॅक समजून दवाखान्यात पळालो. ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलात?" मला आठवेना.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, घरी आले. मला वाटलं, आता बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातला चौथा अध्याय निघणार, कशाचीही चिंता करू नका वगैरे. (ते पत्र प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलं हे आपण विसरतो आणि सल्ला तेवढा लक्षात ठेवतो.) पण त्यांनी बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडला. एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, पण ईजबेल राणीने जिवे मारायची धमकी दिली तसा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. आता देवाने काय करावं? दटावावं, की वचन द्यावं? यातलं काहीच नाही. एलीया झोपी गेला. देवदूताने त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवायलाच उठवलं. मग तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराकडे गेला, आणि तिथे कुठे देवाने विचारलं, एलीया, इथे काय करतोस?

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि आईला म्हणाले, "काकू, काय केलंय आज?" ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा होता. ते माझ्यासमोर बसून जेवले, मला जेवायला लावलं आणि निघताना एवढंच म्हणाले की आठ दिवस रात्रीची लांब प्रार्थना बंद, दहाला आडवं व्हायचं. पाळकाने प्रार्थना बंद करायला सांगितली म्हणून आई दोन दिवस त्यांच्यावर घुश्शात होती.

तर माझं उत्तर हे आहे. तुमच्या विश्वासाला काही झालेलं नाही, तुमचं अंग थकलंय, आणि देवाला आधी अंगाची काळजी घेता येते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो तीही रोजची, आजची. पुढच्या मार्चपर्यंतच्या हप्त्यांची तरतूद त्यात नाही. मी मात्र वर्षाची भाकर एका रात्रीत मागत होतो.

अंगाचं म्हणाल तर त्यात नवीन काही नाही. चहा दुपारी तीननंतर सोडला. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणजे साडेनऊचा चहा मला पहाटेपर्यंत पुरत होता. पहिले तीन-चार दिवस डोकं जाम दुखलं, नंतर थांबलं. संध्याकाळी अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं सांगते, तेवढं बरोबर भरतं. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी नाही. एका मित्राने झोपेसाठी 'थोडी घे' असंही सुचवलं होतं. त्या वाटेला जाऊ नका, दारूने डोळा लागतो पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते.

गाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. आमच्याकडे उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीत भजन-कीर्तन रुजवलं, त्यामुळे आमची बरीच गीतं अभंगाच्या चालीने जातात. मी गच्चीवर जाऊन एकटाच म्हणू लागलो. आवाज बेताचाच, सोसायटीतल्या मुलांनी चेष्टाही केली. पण अभंगाची ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे उच्छ्वास आपोआप लांबतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे कोणीही डॉक्टर सांगेल. प्राणायामाचा वर्ग लावूनही मला जे जमलं नव्हतं ते आजीकडून पाठ झालेल्या गीतांनी जमलं. शब्दांचा परिणाम किती आणि श्वासाचा किती, याची वाटणी मी करत बसत नाही.

प्रार्थना नवव्या दिवशी पुन्हा सुरू केली, पण वेगळी. आपल्याला वाटतं देवापुढे गोडच बोलावं. बायबलमधली स्तोत्रसंहिता नीट वाचा. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत 'कुठवर?' हा सवाल चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. आणि हे पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडलं नाही. तेव्हा वैतागला असाल तर वैतागून बोला. मी दोनशे पानी वहीत रात्री नऊला काळज्या लिहायचो. उद्या काही करता येण्यासारखी असेल तर पुढे फुली. नसेल तर 'तुझं' एवढंच लिहायचं, म्हणजे देवाकडे. मग वही कपाटात. काही दिवस पानभर 'तुझं' 'तुझं'च असायचं.

रविवारी कामाचा फोन न घेणं हे मला सगळ्यात जड गेलं. अजूनही पूर्ण जमत नाही. शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा दिवस पाळणं, ही देवाच्या दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि खून-चोरी न करण्याचा अभिमान बाळगणारे आपण ही मात्र दर आठवड्याला हसत हसत मोडतो. साहेब चिडले, मग सवय झाली त्यांना.

नोकरी गेलीच, २०२० च्या मे महिन्यात. देवाने ती वाचवली नाही. सहा महिने घरी होतो, नंतर कमी पगारावर दुसरीकडे लागलो. पण त्या सहा महिन्यांत मी झोपत होतो आणि जेवत होतो, आणि मुलीचं गणितही घेतलं.

एक गोष्ट निक्षून सांगतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर कुणाच्याही प्रार्थनासभेतल्या सांगण्यावरून त्या बंद करू नका. मला चार महिने होत्या, डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. बायबलमधल्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो, त्यामुळे वैद्याकडे जाणं म्हणजे अविश्वास हे कुठून काढतात कळत नाही. आणि एलीयासारखं 'पुरे झालं, जगायला नको' असं मनात येत असेल तर ते आजच घरच्यांना सांगा, शिवाय १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा क्रमांक लावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहता राहिली पहाटे तीनची गोष्ट. माझेही डोळे अधूनमधून तेव्हा उघडतात अजून. तेव्हा अंथरुणात लोळत राहत नाही. उठतो, घोटभर पाणी पितो आणि स्वयंपाकघरातला बारका दिवा लावून आईच्या मोठ्या अक्षरांच्या बायबलमध्ये १२१ वं स्तोत्र वाचतो. आठच वचनं आहेत. इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, झोपतही नाही, असं त्यात आहे. एकदा आई उठून आली आणि म्हणाली, "तो जागाय ना? मग तू कशाला जागतोस, दिवा मालव."