लेखनाचं एकच पुस्तक, निदान वर्षभर

ताई, मुलगी साडेपाच वर्षांची, शिक्षण घरीच, आणि टेबलावर लेखनाची तीन पुस्तकं. त्यातली दोन आजच माळ्यावर टाका. कुठलं ठेवलं याला फारसं महत्त्व नाही, ते धरून ठेवण्याला आहे.

कारण सांगते. एक पुस्तक अ-आ-इ पासून सुरू होतं, दुसरं आकाराच्या गटांनी: ग, म, न, मग व, ब, क. दोन्ही रस्ते चांगले. पण मध्येच बदलले की मूल बिचकतं. माझ्या मोठ्याला एका पुस्तकाने शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर द्यायला शिकवली, दुसऱ्याने शब्द पूर्ण झाल्यावर. 'कमळ' लिहिताना तो क वर रेघ ओढून थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. ते बघून फार वाईट वाटायचं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मूल कंटाळलं की नवं पुस्तक आणणं. पुस्तक नका बदलू, वेळ कमी करा. दिवसाला दहा मिनिटं पुरे.
- हिंदी वळणाचे ल आणि श गिरवणं. मराठीत पाकळीचा ल (दोन पाकळ्यांसारखा, उजवीकडे उभा दांडा नसलेला), देठाचा श (डावीकडे गाठ नसलेला). २००९ च्या शासन निर्णयातही हेच आहे. कुठलं पुस्तक ठेवायचं ते ठरवताना एवढं नक्की तपासा.
- सारखं खोडरबर.

जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ आत्ता डोक्यात घेऊ नका. काना-मात्रेपर्यंत पोचलात की विचारा, सविस्तर सांगेन. उद्या फक्त ताटात रवा पसरा आणि तिला बोटाने ग काढू द्या.