बाईकचं नंतर बघू, आधी गोल्ड लोनचं मुलाला सांगा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर ४७ वर्षांचे, सातपूर एमआयडीसीत नोकरी, हातात ८५ हजार येतात. एकुलता एक मुलगा १७ वर्षांचा, बारावीला, पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जायचंय आणि कॉलेजला २ लाख २० हजारांची बाईक हवीये. प्रश्न एवढाच, की बाईक कॅशने घ्यावी का लोनवर. पण पुढे ताई लिहितात, "क्लासच्या फीसाठी माझ्या दागिन्यांवर ३ लाखांचं गोल्ड लोन काढलं, त्याला कळू दिलं नाही, उगाच कॉन्फिडन्स जायचा. आजवर त्याला कशाला नाही म्हटलं नाही. हल्ली मात्र एखादी गोष्ट मिळाली नाही की दोन-दोन दिवस बोलत नाही. सध्या क्लासला माझी अ‍ॅक्टिव्हा नेतो. फीची चिंता नाही, त्याच्या नावाने चिल्ड्रन प्लॅन आहे, कमी पडलं तर मिस्टरांचा पीएफ काढू. शेवटी सगळं त्याचंच तर आहे."

ताई, बाईकचं लगेच सांगतो. लोनवर घेतली तर ३ वर्षं महिन्याला ७,३०० च्या आसपास हप्ता, वर पेट्रोल-सर्व्हिसिंगचे ३ हजार, म्हणजे १० हजार गेले. आणि कॅश तुमच्याकडे नाहीये, असती तर दागिने गहाण पडले नसते. त्यामुळे आत्ता नाही.

अ‍ॅक्टिव्हाची किल्ली आजच काढून घ्या. १६ ते १८ मध्ये फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन्स मिळतं, अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही. पकडला गेला तर कायद्यात पालकांना २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याला स्वतःला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणाला धडक बसली तर विमा कंपनी भरपाईचे पैसे गाडीमालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल करू शकते.

आता तो चिल्ड्रन प्लॅन. तुम्ही पाठवलेले कागद बघून मला खरंच राग आला. मुलगा ८ वर्षांचा असताना घेतलाय, वर्षाला १ लाख, १५ वर्षं. म्हणजे पैसे मिळणार तो २३ चा झाल्यावर, आणि इंजिनिअरिंग संपतं २२ ला! शिक्षणासाठी म्हणून विकलेली पॉलिसी शेवटची फी भरून झाल्यावर पैसे देणार. तेही १५ लाख भरून २२-२३ लाख, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. तेच पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी २७ लाख झाले असते.

आणि विमा कुणाच्या जिवावर? मुलाच्या. घरात कमावतात तुमचे मिस्टर, उद्या त्यांना काही झालं तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही, उलट पुढचे हप्ते तुमच्या गळ्यात, कारण प्रीमियम माफीचा रायडर यात नाहीये. त्यांच्या कंपनीचं ग्रुप विमा कव्हर १० लाख, म्हणजे जेमतेम वर्षभराचा पगार, तेही नोकरी आहे तोपर्यंत. मिस्टरांच्या नावाने साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या, सिगारेट-तंबाखू नसेल तर वर्षाला साधारण २५-३० हजार पडतील, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

जुनी पॉलिसी रागाच्या भरात सरेंडर करू नका. ९ हप्ते गेलेत, नुकसान बरंचसं होऊन गेलंय, आणि उरलेल्या ६ हप्त्यांचा हिशोब कदाचित वाईट नसेलही. शाखेतून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी बंद केली तर हातात येणारे पैसे) आणि पेडअप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदत संपल्यावर मिळणारे पैसे), दोन्ही आकडे लेखी मागा. माझा कल पेडअपकडे आहे, कारण तो वर्षाचा १ लाख मोकळा झाला तर टर्मचा हप्ता निघतो आणि उरलेल्यातून गोल्ड लोन फिटायला लागतं.

पीएफला हात लावू नका. साठीला १३ वर्षं आहेत, आज ८ लाख काढलेत तर ८.२५ टक्क्यांनी तेव्हा २२ लाख कमी असतील. "तो पुढे बघेलच आम्हाला" असंही तुम्ही लिहिलंय, पण त्याच्या पहिल्या पगाराच्या आधीच त्यावर तुमचं म्हातारपण टाकून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि तुमच्यासाठी धोका. फीसाठी एज्युकेशन लोन घ्या, कर्जदार तो, सोबत तुम्ही. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. लोनच्या कागदांवर सही करणाऱ्या मुलाला आपलं शिक्षण कितीला पडतंय ते नीट कळतं.

आणि मुख्य, त्याला घरचा हिशोब दाखवा. तुम्ही म्हणता कॉन्फिडन्स जाईल, मला उलट वाटतं. अहो, आईचे दागिने गहाण आहेत हे ज्याला माहीतच नाही तो २ लाखांची बाईक मागणारच, त्यात त्याचा हट्टीपणा कमी आणि तुमची लपवाछपवी जास्त. रविवारी तिघं बसा, ८५ हजार आले, कुठे कुठे गेले, गोल्ड लोनवर वर्षाला तीसेक हजार व्याज जातंय, सगळं कागदावर. रडगाणं नको, "तुझ्यासाठी आम्ही किती केलं" तर अजिबात नको, नुसते आकडे. मग त्यालाच विचारा पुण्याचा महिन्याचा खर्च कितीत बसवशील. त्याने लिहिलेला आकडा महिन्याच्या १ तारखेला त्याच्या खात्यात टाका आणि २० तारखेला संपला तर वर टाकू नका, मेसचे पैसे तेवढे आधीच भरून ठेवा. पहिले दोन-तीन महिने ओढाताण होईल, फोन येतील, तुम्हाला झोप लागणार नाही, तरी नाही टाकायचे. पैसे पुरवता आले की येणारा कॉन्फिडन्स बाईकने येत नाही. कर्मवीर भाऊरावांनी रयतच्या मुलांना कमवा आणि शिका असं शिकवलं, पुणे विद्यापीठात त्या नावाची योजना आजही चालते, त्याच्या कॉलेजमध्ये असेल तर अर्ज त्यालाच करू दे. १८ पूर्ण झाल्यावर, लायसन्स काढून, निम्मे पैसे त्याने साठवले तर ५०-६० हजारांची सेकंडहँड १२५ सीसी घ्यायला माझी हरकत नाही.

पॉलिसीचे ते दोन आकडे आले की मला पाठवा. टर्मचा अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, मेडिकल आणि कागदपत्रांत वेळ जातो. फॉर्ममध्ये बीपी, शुगर जे असेल ते खरं लिहा, एजंटने "राहू द्या" म्हटलं तरी.