मालक दोन लाख देतोय, सही करू का?

दादा, तुमचा मेसेज वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. वय ३५, पॉवर प्रेसवर ऑपरेटर, पगार १८,००० बँकेत जमा, जुलै २०२५ मध्ये उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं आणि पगार मात्र त्या दिवसापासून बंद. आता मालक म्हणतोय की २ लाख रोख घे, स्टॅम्प पेपरवर "यापुढे माझी काही मागणी नाही" अशी सही दे आणि पॅकिंगला १२,००० वर ये. घरखर्च आणि ६,५०० चा हप्ता मिळून महिन्याला १७,५०० लागतात, मेव्हण्याचे ४०,००० द्यायचेत, आणि वहिनी म्हणतात घेऊन टाका, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार.

वहिनींचं चुकीचं नाहीये, सहा महिने पगार नसलेल्या घरात २ लाख ही मोठी रक्कम वाटते. पण मी सांगेन पैसे घ्या, त्या कागदावर मात्र सही करू नका.

आधी तुमचा हक्क किती हे बघू, कारण तो आकडा मालकाने सांगितला नाही आणि तुम्ही विचारलाही नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, त्यामुळे १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदाच लागतो, मालकाची जबाबदारी अपघाताच्या तारखेलाच तयार होते. त्यात पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. याला वयानुसार कायद्यात ठरलेल्या आकड्याने, म्हणजे फॅक्टरने, गुणतात, वय ३५ ला तो आहे १९७.०६. गुणाकार केला की १७,७३,५४० येतात, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या शेड्यूलमध्ये (शेवटी जोडलेल्या तक्त्यात) कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलंय. म्हणजे तुमचे ५,३२,०६२. मालक देतोय २ लाख.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज लागतं, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला साधारण ६४,०००. समजा केस तीन वर्षं चालली, तर व्याज धरून रक्कम ७ लाख २३ हजारांच्या आसपास जाते. तेच २ लाख आज घेऊन ७ टक्क्याच्या एफडीत टाकले (आणि तुम्ही टाकणार नाही, ते खर्च होणार हे आपल्या दोघांना माहितीये) तरी तीन वर्षांनी २.४५ लाखच होतात. एवढा फरक असताना "लवकर मिळतात म्हणून कमी घेतो" हे गणित बसत नाही.

मालक नक्की म्हणेल की हॉस्पिटलला मी एवढे घातले, ते वजा कर. ऐकू नका. उपचाराचा खर्च ही त्याची वेगळी जबाबदारी आहे आणि उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईत धरता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. उलट ज्या महिन्यात हात बांधून घरी बसला होतात त्या महिन्यांचे अर्ध्या पगाराच्या हिशोबाने पैसे निघतात, १५,००० ची मर्यादा धरून ते महिन्याला ७,५०० होतात. ते मिळाले तर नंतरच्या एकरकमी रकमेतून वजा होतील, पण आत्ता हातात येतील, आणि आत्ताच तर अडचण आहे.

स्टॅम्प पेपरची भीती दोन्ही बाजूंनी आहे. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच असतो, म्हणजे सही केली तरी दावा मरत नाही. मग सही केली तर काय बिघडलं? बिघडतं असं की पुढची दोन वर्षं तो कागद समोरचा वकील नाचवत बसतो, आणि तुम्ही "मला वाचून दाखवलं नव्हतं" हे सिद्ध करत बसता. मालकालाही सांगा की कामगार भरपाई आयुक्तांकडे (या कायद्याखालचे दावे ऐकणारे सरकारी अधिकारी) नोंद न केलेला करार त्याच्याही कामाचा नाही, कारण मग त्याला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि दिलेल्या पैशातले अर्ध्याहून जास्त वजा करून मिळत नाहीत. त्याला खरंच मिटवायचं असेल तर आयुक्तांसमोर करार नोंदवू, चेकने दे, असं म्हणा. तिथे रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मला विचाराल तर त्या मार्गाने ५ लाख लगेच मिळत असतील तर मी हो म्हणेन, उरलेल्या बत्तीस हजारांसाठी आणि व्याजासाठी भांडण लांबवण्यात मला राम वाटत नाही. पण २ ला नाही, ३ ला पण नाही.

अजून एक विचारा त्याला, कामगार भरपाईची विमा पॉलिसी आहे का. असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, वेळेत पैसे न दिल्याचा दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो, आणि तो भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत लागू शकतो. बऱ्याच छोट्या मालकांना स्वतःचीच पॉलिसी माहिती नसते, एजंटने काढून दिलेली फाईल कपाटात पडलेली असते.

आता एक गोष्ट जी तुम्ही सहज लिहून गेलात, "शॉपमध्ये आम्ही सातआठ जण, सीझनला बारापण असतो". ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. गेल्या बारा महिन्यात एखाद्या दिवशी जरी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, कामगारांची सरकारी विमा योजना) लागतो, आणि तुमचा पगार २१,००० च्या आत आहे. मालकाने नोंदणी केली नाही ही त्याची चूक, ईएसआय तुम्हाला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. तिथे एकरकमी नाही, महिन्याला आयुष्यभर मिळतं. पगाराच्या ९० टक्के धरतात, म्हणजे १६,२००, त्याचे ३० टक्के ४,८६० दरमहा, मेडिकल बोर्डाने तेवढंच अपंगत्व मानलं तर. वर्षाला ५८,०००. ५.३२ लाखातून एवढं काढायला ११ टक्के रिटर्न लागेल, दर वर्षी, मुद्दल न मोडता, तो कुठलीही एफडी देत नाही. पण दोन्ही मिळत नाहीत, ईएसआयमध्ये बसलात तर १९२३ च्या कायद्याखाली मागता येत नाही. म्हणून दावा टाकायच्या आधी हजेरीची वही, ग्रुपवरचे शिफ्टचे मेसेज, सीझनला आलेल्या पोरांचे नंबर हे जमवा आणि ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला एकदा जाऊन या.

वकिलाच्या फीची काळजी लिहिलीत. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, पगाराची अट न बघता. दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो, शॉप जिथे आहे तिथेच जायला पाहिजे असं नाही. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जुलै २०२७. शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

आज घरी गेल्यावर डिस्चार्ज कार्ड काढा आणि "हिस्ट्री" ची ओळ वाचा. "कामावर मशीनमध्ये हात" असं आहे का "घरी पडून"? बऱ्याचदा सोबत आलेला सुपरवायझर परस्पर सांगून मोकळा होतो. चुकीचं असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून एमएलसीचा (मेडिको-लीगल केस, अपघाताची हॉस्पिटलने केलेली नोंद) कागद मागा. पासबुकच्या पगाराच्या एंट्र्या झेरॉक्स करून ठेवा.

खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, त्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचंही विचारलंय. तिथे अर्धवट अपंगत्वाला १ लाख आहेत पण एका हाताचा किंवा पायाचा वापर पूर्ण जावा लागतो किंवा एक डोळा. तीन बोटांवर ते मिळणं अवघड आहे, त्यावर घराचं गणित मांडू नका.

आता रोजच्या पैशाचं. पॅकिंगचं काम घ्या. काम घेतल्याने भरपाई जात नाही, फक्त "सगळं मिटलं" असं कुठे लिहून देऊ नका. १२,००० आले तर महिन्याला ५,५०० कमी पडतात. मालक २ लाख देत असेल तर "भरपाईपोटी आगाऊ" एवढंच लिहून पावती द्या, बँकेत घ्या, रोख नको. त्यातले १,३२,००० बाजूला ठेवले की दोन वर्षांची तूट भरते. मेव्हण्याचे ४०,००० देऊन टाका, नातं टिकतं. उरलेले २८,००० फिजिओथेरपीला आणि अडीअडचणीला. त्यात दुचाकी नको आणि भावाच्या धंद्यात पार्टनरशिप तर अजिबात नको.

आणि मालक म्हणाला सही नाही तर रुपया नाही, तर? मग बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून घ्या, हप्ता बाऊन्स होण्याआधी, नंतर नाही. तूट भरायला घरातलं सोनं बँकेत तारण ठेवा, महिन्याला तीन टक्केवाल्या सावकाराकडे जाऊ नका, आणि त्याच आठवड्यात दावा दाखल करा. नोटीस गेल्यावर मालकाचा आकडा बदलतो का बघा आणि तो आकडा मला कळवा, सही करायच्या आधी.