सिम्युलेशनला माया म्हणावं का?

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा: "गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवा म्हणाले, आपले संत ज्याला माया म्हणत आले तेच आता परदेशातले पंडित सिम्युलेशन म्हणून सांगतायत, हे दिसणारं जग खरं नाहीच. माझा भाचा बोटीवर असतो, सिम्युलेटरवर शिकलेला. तो म्हणतो, मावशी, सिम्युलेटर म्हणजे माया नव्हे. तर सिम्युलेशनला मराठीत माया म्हणावं का? नाहीतर काय म्हणावं?"

ताई, माया म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण आधी ते पंडित काय म्हणतात ते नीट पाहू, नाहीतर आपण भलत्याच वस्तूला नाव शोधत बसू.

निक बॉस्ट्रम नावाच्या तत्त्वज्ञाने २००३ साली एक निबंध लिहिला, चर्चा तिथून पेटली. तो म्हणतो, तीनपैकी एक गोष्ट तरी खरी असलीच पाहिजे. एक तर आपल्यासारखे जीव अफाट ताकदीचे संगणक बनवण्याआधीच नष्ट होत असावेत. किंवा त्या टप्प्याला पोचल्यावरही आपल्या पूर्वजांची आयुष्यं संगणकात पुन्हा चालवून पाहण्यात, म्हणजेच सिम्युलेशन करण्यात, त्यांना रस नसावा. नाहीतर मग चालवून पाहणारे इतके असावेत, की चालवलेल्या माणसांची संख्या मूळ माणसांच्या कैक पट भरते, आणि तसं असेल तर तुम्ही-आम्ही त्या चालवलेल्यांतलेच असण्याची शक्यता फार मोठी. तिसरीच गोष्ट खरी असं बॉस्ट्रम म्हणत नाही. शिवाय त्याचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: मनाला मेंदूच हवा असं नाही, योग्य ते गणित योग्य रीतीने चाललं तर संगणकातही मन उपजेल. हे गृहीत मान्य नसेल तर पुढचं काहीच मान्य करायला नको. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' असं बुवा म्हणाले असतील, तर तेवढं मात्र सोडून द्या.

आता माया. मराठीत या शब्दाला किती पदर आहेत बघा. आईची माया. कुणी नोकरीत भरपूर माया जमवली म्हणतात ती. शिलाई मशीनवर बसलेली बाई ब्लाउजच्या कडेला पुढे उसवून वाढवायला जास्तीचं कापड ठेवते, तीही माया. आणि या सगळ्यांच्या जोडीला वेदांतातली. ऋग्वेदात तर मायेचा अर्थ नुसती फसवणूक नाही, तिथे ती देवाची घडवण्याची अचाट शक्तीही आहे. पाचव्या मंडलात वरुणाची माया वर्णिली आहे, तो अंतरिक्षात उभा राहून सूर्याच्या मापाने पृथ्वी मोजतो. माया हा शब्द 'मा' म्हणजे मापणे या धातूपासून आला असं मानतात, ते इथे चांगलं जुळतं. मोजून-मापून जग उभं करणारा कुणी तरी, ही कल्पना सिम्युलेशनच्या बरीच जवळ जाते. नारळी पुनवेला आपण ज्याला नारळ देतो त्याच वरुणाची ही गोष्ट, म्हणून मला ती मुद्दाम सांगाविशी वाटली. बुवांनी ही माया धरली असती तर मी एवढा वाद घातला नसता.

पण कीर्तनात येते ती माया ही नव्हे. ती शांकर वेदांताची, आणि तिचं मूळ शोधत गेलं तर आपण गौडपादाचार्यांपाशी पोचतो. शंकराचार्यांच्या गुरूंचे ते गुरू. गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याचा मठ आहे तो त्यांच्याच नावाचा, म्हणजे या किनारपट्टीला हे नाव परकं नाही. मांडूक्यकारिका या आपल्या ग्रंथात त्यांनी जागेपण आणि स्वप्न एका रांगेत बसवलं, आणि एक दाखला दिला तो अलातचक्राचा. अलात म्हणजे कोलीत. आपल्याकडे अंधारात पाणंदीतून जाताना झावळीची चूड पेटवून नेत असत. ती विझू नये म्हणून हात मागेपुढे हलवत चालायचं, आणि लांबून पाहणाऱ्याला निखाऱ्याची लालभडक रेघ दिसायची, गोल फिरवली तर पुरतं वर्तुळ. वर्तुळ चुडीतून बाहेर आलेलं नसतं, हात थांबल्यावर परत चुडीत शिरतही नाही. निखारा तेवढा असतो. गौडपादांच्या मते जग म्हणजे ते वर्तुळ.

याच घराण्याचा दुसरा दाखला सगळ्यांना पाठ आहे, दोरीवरचा साप. तिन्हीसांजेला वाटेत सुंभ पडलेला असतो, आपण दचकतो, दिवा आणला की साप जातो. साप गेला म्हणजे त्याचा 'बाध' झाला, असा त्यांचा शब्द. ज्ञान झालं की जे बाधित होतं ते मिथ्या.

सिम्युलेशनला ही कसोटी लावून बघा. समजा उद्या पुराव्यानिशी ठरलं की आपलं जग कुणाच्या तरी संगणकात चाललं आहे. म्हणून काय बाधित होईल? देवगडच्या हापूसची चव तीच राहील, तांदळाचा भाव तोच राहील, गुडघाही तसाच दुखेल. कळण्याने काही पुसलं जात नाही. वेदांतातली माया कळण्याने जाते, तिचं सगळं महत्त्व तिथेच आहे.

आणि याहून मोठा फरक पुढे आहे. बॉस्ट्रमच्या कल्पनेत आपल्या जगाबाहेर एक मूळ जग आहे. तिथेही संगणक आहेत, वीज आहे, काळ आहे, आपल्यासारखेच हौशी जीव आहेत. वेदांत्याला हे सांगा, तो शांतपणे म्हणेल, मग तेही मायाच. त्यांचं पारमार्थिक, म्हणजे अखेरचं, सत्य हे वरच्या मजल्यावरचं आणखी एक बिऱ्हाड नाही. एका मजल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे कितीही चढवा, सगळं घर व्यवहारातच, म्हणजे रोजच्या दिसण्या-वागण्याच्या पातळीवरच, राहतं. म्हणून सिम्युलेशनला माया म्हटलं तर दोघांवरही अन्याय होतो. बॉस्ट्रमच्या शंकेला नसलेला मोक्ष चिकटतो, आणि मायेचा जो खोल विचार आहे तो यंत्रापुरता उरतो. मला यातलं दुसरं जास्त लागतं.

भास, आभास, भ्रम हे शब्द लवकर बाजूला ठेवता येतात. तिन्हींत चूक पाहणाऱ्याची असते. आभासी हा शब्द 'व्हर्च्युअल'साठी आता रुळला आहे, आभासी वास्तव, आभासी चलन असं आपण म्हणतो, तो तिथे राहू दे. पण भाच्याच्या सिम्युलेटरमध्ये कुणाचा भ्रम झालेला नसतो. खोली जागची हलत नाही, समोरच्या मोठ्या पडद्यांवर बंदर दिसतं, लाटा दिसतात, जहाज कलतं आणि पोरं नकळत पाय फाकवून तोल सावरतात. तरीही प्रत्येकाला माहीत असतं की आपण खोलीत उभे आहोत. हाताने घेतलेलं वळण बरोबर की चूक, हे मात्र तिथे खऱ्यासारखंच ठरतं. हा भ्रम नव्हे. पारिभाषिक लेखनात सदृशीकरण, प्रतिरूपण असेही शब्द वापरलेले दिसतात. परिभाषेपुरते ते ठीक, बोलताना कुणाच्या तोंडी येतील असं वाटत नाही.

आता माझ्या मनात जो शब्द पहिल्यांदा आला तो: सोंग. सिम्युलेशनच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थच नक्कल करणं, बतावणी करणं, म्हणजे व्युत्पत्तीने सोंग अगदी शेजारी. आणि सोंगाची समज आपल्याइतकी कुणाला असणार? सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राहतो. लिहिलेली संहिता नाही, पडदा-नेपथ्य जवळजवळ नाही, एक बाकडं असतं. त्यावर राजा बसला की दरबार होतो, तो उठून गेला की तेच बाकडं वनातली शिळा. सुरुवातीला आडदशावतारात गणपती येतो, आणि प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या बाया हात जोडतात. हा गणपती झालेला माणूस कोण, कुठल्या वाडीतला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या फसलेल्या नसतात, आणि नाटकीपणाने हातही जोडत नाहीत. 'रात्रीक राजा, सकाळी डोक्यार बोजा' असं त्या नटांबद्दल म्हणतात, त्यात राजाही खरा आणि बोजाही खरा. सोंग चांगलं उतरलं तर आपण 'सोंग वठलं' म्हणतो. याच क्रियापदाने झाड वाळलं तरी 'वठलं' म्हणतात, ते वेगळं. पण हुबेहूब उतरण्यासाठी एवढं नेमकं क्रियापद आपल्याकडे आहे हे विसरू नये.

सोंगाबद्दल आणखी एक ठेवा आपल्याकडे आहे, तो या सगळ्या वादाच्या गाभ्याला जाऊन भिडतो: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली यंत्राला मन असतं का यावर लिहिताना म्हटलं होतं, की संगणकातल्या पावसाने कुणी भिजत नाही. कोकणात हे पटवून द्यावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. त्याआधी ते हवामानखात्याच्या संगणकांत येऊन गेलं होतं. हवेचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा दाब, तापमान, ओलावा, वारा यांचे आकडे भरायचे आणि समीकरणांनी ते पुढच्या क्षणाला, त्याच्या पुढच्या क्षणाला सरकवत न्यायचे. त्या आकड्यांतल्या वाऱ्याने एकही सुपारी मोडली नाही. दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या त्या बाहेरच्या वाऱ्याने. वादळाचं सोंग आणता येतं, पण ते वादळ होत नाही.

पण सगळ्याच गोष्टी वादळासारख्या नसतात. बेरजेचं सोंग आणून दाखवा. सात आणि पाच बारा हे संगणकाने 'केल्यासारखं' केलं, तरी ती बेरीज झालीच. बुद्धिबळातली चालही तशीच. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो, की जाणीव ही पावसाच्या जातीची की बेरजेच्या? पावसाच्या जातीची असेल तर चालवलेल्या माणसाला आतून काहीच जाणवणार नाही. आपल्याला तर जाणवतं आहे, म्हणजे आपण चालवलेले नाही, बॉस्ट्रमची शंका तिथेच संपली. बेरजेच्या जातीची असेल तर चालवलेला माणूस हा माणूसच, त्याचं दुखणं हे दुखणंच, आणि त्याच्या जगाला खोटं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण कुठलीही बाजू घ्या, 'म्हणून हे जग खोटं' हे वाक्य दोन्हीकडून निघत नाही.

इथेच सोंग हा शब्दही तोकडा पडतो. सोंग घेणाऱ्याला आपण कोण आहोत हे माहीत असतं. पहाट झाली की तो रंग पुसतो. बॉस्ट्रमच्या चालवलेल्या माणसाला रंगाखाली दुसरा चेहराच नाही.

म्हणून मी सुचवतो ते क्रियापद: मांडणे. आपण गणित मांडतो, भातुकली मांडतो, सोंगट्यांचा पट मांडतो, संसार मांडतो, दुकान मांडतो. हिशेब आणि खेळ दोन्हींना एकच क्रियापद असणं ही या कामासाठी मोठी सोय आहे, कारण सिम्युलेशन नेमकं तेच असतं, चालता खेळ झालेलं गणित. शिवाय मांडलेलं खोटं असावं लागत नाही. मांडलेला संसार खराच असतो. आणि मांडणे म्हटलं की मांडणारा आपोआप येतो, जो मायेत येईलच असं नाही. शिमग्याला गाव जमतो त्या जागेलाही आपण मांड म्हणतो, हे कानाला ओळखीचं आहे.

मांडणेच्या समोर मोडणे आहे, तेही उपयोगाचं. चालवणाऱ्याने संगणक बंद केला तर काय, ही भीती या चर्चेत वारंवार येते. मराठीत ती एका वाक्यात बसते: मांडणाऱ्याने डाव मोडला तर?

तेव्हा ताई, भाच्याच्या शिक्षणाबद्दल बोलताना खुशाल सिम्युलेटरच म्हणा, बोटीवरच्या माणसांत तोच शब्द चालतो आणि तो आता मराठीच आहे. वादळाबद्दल लिहायचं झालं तर 'संगणकात मांडलेलं वादळ'. बुवांशी पुन्हा गाठ पडली तर प्रश्न असा विचारा: 'बुवा, हे जग कुणी मांडलेलं आहे का, आणि असलं तर मांडणाराही मायेतच ना?' नाम म्हणून 'मांड' एकटा मात्र वापरू नका. त्या नावाचा राग आहे, शिमग्याची जागा आहे, वाचणारा घोटाळ्यात पडेल. 'मांडलेलं जग' असं सबंध लिहा.