सहा महिने चिपळूणला बंद राहणारी गाडी पावसाळ्यात कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की मेअखेरीस मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जाताय, परतायला नोव्हेंबर उजाडेल, आणि तोवर पेट्रोल कार आणि जुनी कार्ब्युरेटरवाली मोटारसायकल चिपळूणच्या घरी पडवीत राहणार. शेजारी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायला तयार आहेत. वरून टाकायला ताडपत्रीही आणलीय.

माझं गॅरेज याच पट्ट्यात आहे. पावसाळाभर बंद राहिलेल्या गाड्या सुरू करायचं काम दर वर्षी दिवाळीच्या सुमारास येतंच. म्हणून सर्वात आधी हे सांगतो: ताडपत्री वापरू नका, आणि शेजाऱ्यांना त्या पाच मिनिटांसाठी नाही म्हणा.

पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. पाच मिनिटांत सायलेन्सर नीट तापत नाही, त्यामुळे ते पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून सडवतं. ऑइलमध्येही ओल आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं. शिवाय स्टार्टरने खाल्लेला करंट उभ्या गाडीत एवढ्या वेळात जेमतेमच भरून निघतो. शेजारी गाडी रस्त्यावर काढून वीस-पंचवीस मिनिटं चालवणार असतील तर उत्तमच. ते जमणार नसेल तर इंजिनाला हात लावू नये.

ताडपत्रीखाली जमिनीची ओल वर येते आणि तिथेच कोंडते. अशी झाकलेली गाडी उघडून सीटबेल्ट ओढला की आत गुंडाळलेला पट्टा बाहेर येतो तो बुरशीने ठिपक्याठिपक्यांचा झालेला, आणि स्टिअरिंगवर हात लावावासा वाटत नाही. पडवीत कव्हर हवंच असेल तर हवा खेळणारं कापडी घ्या, तेही गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर. खालची जमीन मातीची नको, लादी किंवा कोबा हवा. पागोळ्यांचं पाणी गाडीवर उडत नाही ना आणि वर नारळ नाही ना, तेही बघा.

ठेवायच्या आदल्या दिवशी खालून प्रेशरने गाडी धुऊन घ्या, विशेषतः किनाऱ्याकडे फिरली असेल तर. मग ती चांगली फिरवून आणा, म्हणजे ब्रेक आणि सायलेन्सर सुकतील. घरी पोचायच्या आधी दहा मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. एसीच्या आतली ओल सुकते, नंतर कुबट वास येत नाही. काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढा, नाहीतर तिथलं पाणी केबिनमध्ये उतरतं. ऑइल जाण्यापूर्वीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती सहा महिने इंजिनात कशाला ठेवायची?

पेट्रोलची टाकी भरा, पण गळ्यापर्यंत नको, प्रसरणाला जागा लागते. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. टाकीत रिकामी जागा जितकी कमी तितकी ओल कमी.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. आपल्या हवेत मागचे लायनर ड्रमला गंजाने असे धरतात की चाक ठोकून सोडवावं लागतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा, टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

बॅटरी जोडलेली राहिली तर घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक मिळून साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर खात राहतात. ३५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी त्यात महिना-दीड महिन्यात बसते, आणि बसलेली बॅटरी तशीच पडून राहिली की कायमची जाते. दहा नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह, जोडताना उलट. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर शॉर्ट होतो. डिकी बटणावर उघडत असेल तर बॅटरी काढण्याआधी तिच्यातलं सामान बाहेर घ्या, आणि दार किल्लीने उघडतं का तेही तपासा.

शेजाऱ्यांना हेच काम द्या: बॅटरी त्यांच्या घरात कोरड्या जागी ठेवायची, दर दोन महिन्यांनी मीटर लावायचा आणि १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्जरवर लावायची. त्याच दिवशी ठोकळे आणि गिअर काढून गाडी हातभर पुढे ढकलली तर टायरही एकाच जागी दबत नाहीत.

उंदीर हा मला सर्वात मोठा धोका वाटतो. एअर फिल्टरचा डबा उघडावा तर आत सुपारीची सालं, फोमचे तुकडे आणि फिल्टरचाच कागद कुरतडून केलेलं घरटं! वायरिंग खाल्लं असेल तर खर्च मोठा. तंबाखू, डांबरगोळ्या लोक ठेवतात, पण वास काही दिवसांत उडतो, मग उपयोग नाही. हवा ओढणाऱ्या पाइपाच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधा, गाडीत बिस्किटाचा चुराही ठेवू नका, आणि पिंजरा शेजाऱ्यांना लावायला सांगा. जाळी बांधलीय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. आल्यावर जाळी काढूनच किल्ली फिरवायची.

मोटारसायकलचं पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटरच्या वाटीत काही उरू देऊ नका, त्याचा चिकटा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात, बसतो.

घर कुठल्या भागात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. २००५ च्या किंवा २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे वाशिष्ठी नदीचं पाणी आलं असेल, तर वरची सगळी तयारी व्यर्थ आहे. गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. तुमचा फुल विमा मधल्या काळात संपणार असेल तर जाण्यापूर्वीच नूतनीकरण करा; संपल्यावर ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही जातो. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर कुणीही ती स्टार्ट करून बघायची नाही, हे शेजाऱ्यांना निघण्यापूर्वी बजावून सांगा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात.